सियाचेनची चकती आणि हैदराबादची पलटण

कोठीच्या चौकातून सुलतान बाजाराकडे वळणाऱ्या आपल्या जुन्या मराठी कुटुंबांना ब्रिटिश रेसिडेन्सीची वास्तू नवी नाही. आपल्या कित्येक घरांतील लेकी-सुना तिथल्या महिला महाविद्यालयात शिकल्या. पाहुण्यांना ती वास्तू दाखवताना आपण कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची कहाणी हटकून सांगतो. त्याच रेसिडेन्सीशी जोडलेली दुसरी एक कथा मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येते. १८११ ते १८२० या काळात हेन्री रसेल हा येथे रेसिडेंट होता. त्याने १८१३ मध्ये निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक पायदळ उभे केले. 'रसेल ब्रिगेड' म्हणून ते ओळखले जाऊ लागले. त्याच पायदळातून पुढे वाढत गेलेल्या एका रेजिमेंटच्या सैनिकाचे अवशेष ऑगस्ट २०२२ मध्ये सियाचेनच्या बर्फात सापडले. त्यांच्याजवळ धातूची एक ओळख-चकती होती आणि तिच्यावर लष्करी क्रमांक कोरलेला होता. लान्स नायक चंद्रशेखर हरबोला यांना बर्फाखाली गाडले जाऊन तेव्हा ३८ वर्षे झाली होती.

हरबोला हे कुमाऊँचे, आजच्या उत्तराखंडातले. त्यांचा आणि हैदराबादचा काय संबंध, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. तो संबंध उलगडण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते, आणि त्या वाटेवर आपल्या ओळखीची बरीच गावे लागतात.

रसेलच्या पलटणींना पुढे इतर तुकड्या जोडल्या गेल्या. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, नबाब सलाबतखानाच्या पदरी असलेले शिपाई त्यांत आले. या साऱ्या फौजेला 'हैदराबाद कंटिन्जंट' हे नाव पडले. तिचे मुख्य ठाणे बोलारमला होते आणि छावण्या औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद, एलिचपूर अशा ठिकाणी पसरलेल्या होत्या. मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई. नकाशावर ही नावे एका ओळीत वाचली, की ध्यानात येते की या फौजेच्या छावण्या बव्हंशी मराठी मुलखात होत्या. छावणी आली की तिच्याभोवती बाजारपेठ वसे. दाणागोटा पुरवणारे व्यापारी, सावकार, कारकून, टपालवाले असा सगळा संसार तिच्या आश्रयाने उभा राहत असे. मराठवाडा आणि वऱ्हाड येथून ज्यांचे पूर्वज या शहरात आले, त्यांच्या घरच्या गोष्टींत 'छावणी' आणि 'कंटिंजन' हे शब्द कधीतरी कानी पडलेले असतील.

या फौजेचा इतिहास आपल्याला सुखावणारा आहे, असे म्हणता येणार नाही. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास होळकरांचा पराभव झाला, तेव्हा रसेलच्या पलटणी कंपनीच्या बाजूने लढत होत्या. १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीवर चाल केली, तेव्हाही हैदराबाद कंटिन्जंट त्याच्या सैन्यात होते. फौजेचा खर्च निजामाच्या माथी आणि हुकूम मात्र इंग्रजांचा, अशी तिची व्यवस्था होती. हा खर्च थकत गेला, कर्ज वाढले आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पैकी रायचूर आणि धाराशिव १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मात्र गेले ते गेलेच. एका फौजेच्या पगारापायी एक मराठी प्रांत निजामाच्या राज्यातून निघून गेला, ही गोष्ट आपल्या प्रादेशिक इतिहासात फार मोलाची आहे.

१९०३ मध्ये कंटिन्जंट वेगळे राहिले नाही. त्याच्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात सामील झाल्या आणि त्यांना ९४ ते ९९ असे क्रमांक मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याची फेररचना झाली, तेव्हा त्यांची मिळून '१९वी हैदराबाद रेजिमेंट' बनली. निजामाची स्वतःची संस्थानी फौज याहून निराळी होती. या दोहोंची गल्लत अनेकदा होते, म्हणून हा खुलासा करावा लागतो. दरम्यान दख्खनी शिपायांची भरती कमी होत गेली आणि कुमाऊँचे पहाडी, हरियाणाकडचे अहीर, जाट हे या रेजिमेंटमध्ये बहुसंख्य झाले. हैदराबाद हे नाव तेवढे उरले होते. २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तेही गेले आणि '१९वी कुमाऊँ रेजिमेंट' हे नवे नाव आले. पुढे तिचे केंद्र हिमालयात राणीखेतला स्थिरावले. अशा रीतीने रेसिडेन्सीच्या आवारात जिच्या जन्माचे बेत झाले, ती फौज आपले गाव, आपली माणसे आणि शेवटी आपले नावही मागे टाकून डोंगरात गेली. सासरी गेलेल्या लेकीचे नाव बदलते आणि पुढच्या पिढ्यांना ती कोणाची कोण हे सांगता येत नाही, तसेच काहीसे येथे घडले.

परंतु पलटणीचे नाते नावाने तुटत नाही. १९ फेब्रुवारी हा शिवछत्रपतींचा जन्मदिवस आपण साजरा करतो. त्यानंतर तीनच दिवसांनी, २२ फेब्रुवारी १९४२ रोजी, सोमनाथ शर्मा नावाचा तरुण हैदराबाद रेजिमेंटच्या आठव्या पलटणीत अधिकारी म्हणून दाखल झाला होता. पुढे ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगर विमानतळाजवळ बडगाम येथे मेजर शर्मा चौथ्या कुमाऊँ पलटणीची एक कंपनी घेऊन लढले आणि पडले. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीरचक्र त्यांचे. ही चौथी कुमाऊँ म्हणजेच पूर्वीची चौथी हैदराबाद. शर्मांचा देह तीन दिवसांनी मिळाला, तेव्हा तो ओळखू येण्याजोगा राहिला नव्हता. पिस्तुलाचे चामडी म्यान आणि खिशातली गीतेची काही पाने यांवरून त्यांची ओळख पटली, असे सांगतात.

हीच चौथी पलटण १३ एप्रिल १९८४ रोजी पुन्हा इतिहासात आली. त्या दिवशी बैसाखी होती. 'ऑपरेशन मेघदूत' या नावाने भारतीय सैन्याने सियाचेनच्या खिंडी ताब्यात घेण्यास प्रारंभ केला. बिलाफोंड ला या खिंडीवर हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या पहिल्या तुकडीचे नेतृत्व एका मराठी नावाच्या अधिकाऱ्याकडे होते. कॅप्टन संजय कुलकर्णी हे ते अधिकारी. पुढे ते लेफ्टनंट जनरल होऊन निवृत्त झाले. सुमारे तीस जणांची ही तुकडी अशा उंचीवर उतरली, जिथे श्वास घेणे हेच मोठे काम असते. वारा आणि थंडी एवढी की पहिल्याच दिवसांत एका जवानाला प्राण गमवावे लागले. शत्रूच्या गोळीने जेवढे गेले त्याहून किती तरी अधिक हवामानाने गेले, हे सियाचेनचे पुढील सारे वास्तव पहिल्याच आठवड्यात दिसून आले.

त्याच मोहिमेत १९वी कुमाऊँ पलटणही होती. येथे क्रमांकांचा घोळ होऊ नये. पूर्वीचा '१९' हा रेजिमेंटचा क्रमांक होता, हा '१९' पलटणीचा आहे. जुळणी निव्वळ योगायोगाची. या पलटणीची सुमारे वीस जणांची एक तुकडी सेकंड लेफ्टनंट पी. एस. पुंडीर यांच्या नेतृत्वाखाली पॉइंट ५९६५ या शिखराकडे निघाली होती. २९ मे १९८४ च्या रात्री हिमकडा कोसळला आणि ती तुकडी त्याखाली गेली. काहींचे देह मिळाले, काहींचे मिळाले नाहीत. न मिळालेल्यांत लान्स नायक चंद्रशेखर हरबोला होते. घरी पत्नी आणि दोन लहान मुली होत्या. पलटणीने कळवले, सरकारी कागद आले, रीतीप्रमाणे जे करावयाचे ते घरच्यांनी केले. मुली वाढल्या, शिकल्या, त्यांचे संसार उभे राहिले. आणि १३ ऑगस्ट २०२२ रोजी एका जुन्या बंकरापाशी सैनिकांना अवशेष आणि ती चकती दिसली. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तर वर्षांचा उत्सव देशभर चालू असताना ही बातमी हल्द्वानीच्या घरी पोहोचली. मुलींना वडिलांचा चेहरा फोटोतूनच ठाऊक होता. आता त्या वडिलांच्या त्या वेळच्या वयाहून मोठ्या झाल्या होत्या. लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले, बंदुकांची सलामी झाली, गर्दी जमली.

महाराष्ट्रालाही हा अनुभव आला आहे. हवालदार टी. व्ही. पाटील हे फेब्रुवारी १९९३ मध्ये सियाचेनवर हिमदरीत पडून गेले. त्यांचा देह ऑक्टोबर २०१४ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी, मिळाला. खिशात दोन कागद होते. एक वैद्यकीय दाखला आणि दुसरे घरून आलेले पत्र. या दोन कागदांनी त्यांची ओळख पटवून दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवालदार गयाप्रसाद यांचाही देह सियाचेनवर सापडला होता. ते १९९६ पासून बेपत्ता होते.

याहून जुनी आणि मोठी गोष्ट रोहतांगची आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहकडे निघालेले वायुसेनेचे एएन-१२ विमान हवा बिघडल्यामुळे परत फिरले आणि हिमाचलातील लाहौलच्या डोंगरांत नाहीसे झाले. आत १०२ माणसे होती. ३५ वर्षे त्याचा मागमूस नव्हता. २००३ मध्ये गिर्यारोहकांना अवशेष दिसले, त्यांत शिपाई बेलीराम यांची ओळख पटली. त्यानंतर थोडेथोडे सापडत गेले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आणखी चार देह मिळाले, तेव्हा अपघाताला ५६ वर्षे झाली होती. त्या चौघांपैकी थॉमस चेरियन हे केरळचे तरुण ईएमई दलाचे कारागीर होते. या दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र आपल्या सिकंदराबादेत त्रिमुलघेरीला आहे. चौघांपैकी एका घरी परिस्थिती अशी होती की पत्नी गेली होती, मुलगाही गेला होता, आणि चितेला अग्नी द्यायला नातवंडे उभी राहिली. आजोबा बाविशी-तेविशीचे आणि नातू त्यांच्याहून थोराड, असा तो प्रसंग.

या बातम्या वाचताना मनात दोन प्रश्न येतात. पहिला, इतक्या वर्षांनी हे अवशेष आले नसते तर काय बिघडले असते? बायकोने दुःख गिळले, मुलांनी वाट शोधली, सरकारने निवृत्तिवेतन दिले. खपली धरलेली जखम पुन्हा कशासाठी उघडावी? काही घरांत तर मधल्या काळात नवी नातीही जुळली असतील, आणि अशा घरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येणे हा केवळ गौरवाचा प्रसंग नसतो. दुसरा प्रश्न, इतकी वर्षे गेल्यावरही सारे गाव त्या पेटीसाठी रस्त्यावर का येते? या प्रश्नांचे उत्तर शोधताना मला आपल्याच इतिहासातील एक बाई आठवते.

१७६० च्या फेब्रुवारीत उदगीर येथे सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. पुढे परतूरला पेशव्यांचा मुक्काम पडला आणि तिथेच उत्तरेच्या मोहिमेचे नेतृत्व भाऊंकडे देण्याचे ठरले. उदगीर आणि परतूर ही दोन्ही ठिकाणे आपल्या मराठवाड्यातली. म्हणजे पानिपतची वाट आपल्या अंगणातून गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. विश्वासरावांचा देह मिळाला, त्यावर संस्कार झाले. भाऊंचाही देह मिळाला असे सांगितले गेले, परंतु तो शिरावेगळा होता आणि अंगावरच्या खुणांवरून ओळखावा लागला. ही वार्ता पुण्यास पोहोचली, पण ती पुरेशी ठरली नाही. पार्वतीबाईंनी आपण विधवा झालो हे मान्य केले नाही. त्या सौभाग्यलेणी ल्यायल्या आणि १७८३ पर्यंत, म्हणजे २२ वर्षे, तशाच जगल्या.

या अनिश्चिततेतून काय उपजले, तेही आपल्याला माहीत आहे. भाऊसाहेब म्हणून एक मनुष्य पुढे आला. तो तोतया असल्याचे पेशव्यांच्या दरबारी चौकशीत ठरले, तो कैदेत पडला, पुढे सुटून त्याने कोकणात बंड माजवले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे हे प्रकरण मराठी रंगभूमीवरही आले. आपण त्या तोतयाकडे कारस्थानी म्हणून पाहतो, आणि तो होताच. पण त्याच्यावर विश्वास ठेवणारे सारेच मूर्ख नव्हते. देह नसेल तर अफवेला जागा राहते, आणि प्रियजनाच्या बाबतीत अफवेवर विश्वास ठेवणे ही माणसाची दुबळी नव्हे, स्वाभाविक बाजू आहे.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. पार्वतीबाईंना तिथी ठाऊक होती. पौष शुद्ध अष्टमीचा तो दिवस साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होता. हरबोलांच्या घरीही तारीख ठाऊक होती, २९ मे. पाटलांच्या घरी ठाऊक होती. उणीव होती ती खात्रीची. तिथी कागदावर येते, तारेने येते, पलटणीच्या पत्राने येते. खात्री मात्र तशी येत नाही. ती देहाबरोबरच येते, आणि देह नसेल तर एखाद्या चकतीबरोबर, खिशातल्या पत्राबरोबर. सरकार मृत्यू जाहीर करू शकते, मनाला तो मान्य करावयास लावण्याची शक्ती त्याच्या शिक्क्यात नाही.

आपल्या धर्मशास्त्राने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. परदेशी गेलेल्याचा बारा वर्षे ठावठिकाणा लागला नाही तर त्याची उत्तरक्रिया करावी, आणि देह वा अस्थी नसतील तर पळसाच्या ३६० पानांची मनुष्याकृती करून तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी सांगितला आहे. मृत्युतिथी माहीत नसेल त्याचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करावे. शस्त्राने वा अपघाताने ज्यांना मरण आले, त्यांच्यासाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी राखून ठेवली, तीच घातचतुर्दशी. या सर्व व्यवस्थेमागे एक समजूतदार विचार दिसतो. मेलेल्याची गती काहीही असो, जिवंत राहिलेल्यांना कुठेतरी थांबता आले पाहिजे. पळसाची पाने ही त्या थांबण्याची सोय होती. पण शास्त्रकारांनाही हे ठाऊक असावे, की पानांचा पुतळा जळताना पाहूनही एखादी पार्वतीबाई दाराकडे पाहत राहील.

म्हणूनच ३८ वर्षांनी आलेल्या त्या अवशेषांचे मोल वेगळे आहे. त्यांनी कोणाला परत आणले नाही. गेलेल्या बापाच्या जागी मुलींच्या हाती काही दिले नाही. त्यांनी एक शक्यता संपवली. 'कदाचित' हा शब्द घरातून गेला. सलामीच्या फैरी आणि घोषणा यांचा अर्थ त्या दिवसापुरता असतो. पण घरातल्या वडीलधाऱ्या बाईला त्या रात्रीपासून दाराची कडी लावून घेता येते. जखम पुन्हा उघडते हे खरे, पण ती आतून न भरलेली जखम असते, आणि अशी जखम धुतल्याशिवाय बरी होत नाही, हे जुन्या वैद्यांनाही मान्य होते.

आणि ज्यांचे अवशेष कधीच आले नाहीत, त्यांचे काय? रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे हे मराठा पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात त्यांनी एकट्याने मशीनगनचे ठाणे जिंकले आणि तिथेच ते पडले. व्हिक्टोरिया क्रॉस हा त्या साम्राज्याचा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला, देह मात्र मिळाला नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. जिथे तो कोकणी तरुण पडला, तिथल्या लोकांना जवळपास ८० वर्षांनी त्याची आठवण ठेवावीशी वाटली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आपल्या रेजिमेंटचीही अशीच एक आठवण सिंगापुरात उभी आहे. चौथी हैदराबाद पलटण दुसऱ्या महायुद्धात मलायात होती. जानेवारी १९४२ मध्ये स्लिम नदीच्या लढाईत तिचा चुराडा झाला आणि १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, तेव्हा उरलेले जपान्यांचे कैदी झाले. ज्यांची कबर नाही, ज्यांच्या दहनाची जागा ठाऊक नाही, अशा २४,००० हून अधिक सैनिकांची आणि वैमानिकांची नावे तिथल्या क्रांजी स्मारकाच्या खांबांवर आहेत. त्यांत हैदराबाद रेजिमेंटचेही शिपाई आहेत. ज्या हिंदी सैनिकांवर त्यांच्या धर्माप्रमाणे दहनसंस्कार झाले, अशा सुमारे ८०० जणांसाठी तिथे स्वतंत्र स्मारकही आहे. राणीखेतच्या पहाडांत जे नाव आता पलटणीला उरले नाही, ते आपल्या शहराचे नाव सिंगापूरच्या दगडावर राहिले आहे. या शहरातून गेलेल्या नातवंडांना, पतवंडांना तिथे कामानिमित्त जाण्याचे प्रसंग आता वारंवार येतात. त्यांना हे सांगितले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, की ती फौज इंग्रजांची, ती महिदपुरास आपल्यांवर चालून आली, झाशीवर चालून गेली. तिच्याशी आपण नाते का सांगावे? आक्षेप रास्त आहे आणि तो टाळू नये. पण इतिहासाशी नाते सांगणे म्हणजे त्याचा गौरव करणे नव्हे. वडिलांच्या खतावणीतले कर्जही आपलेच असते. ज्या पलटणींनी महिदपुरास होळकरांशी लढाई केली, त्यांच्याच वारसांनी बडगामला श्रीनगर राखले आणि सियाचेनच्या खिंडी धरल्या. पगार घेऊन परक्यासाठी लढणारा शिपाई आणि प्रजासत्ताकाचा जवान यांच्यामध्ये सव्वाशे-दीडशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर एका रेजिमेंटच्या पोटातच पार केले गेले. हा बदल कसा घडला हे जाणण्यासाठी तरी हा सगळा हिशेब, जमा आणि खर्च दोन्ही बाजूंनी, आपल्यापाशी असला पाहिजे.

हैदराबादच्या मराठी समाजाने आपल्या आठवणी बऱ्याच काळजीने जपल्या आहेत. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांची नावे आपण घेतो. विवेकवर्धिनीची १९०७ पासूनची परंपरा आपण सांगतो. मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांना १७ सप्टेंबरला स्मरतो. त्या मानाने छावण्यांचा इतिहास आपल्या लेखनात फार थोडा आला आहे. हिंगोलीची छावणी, अंबाजोगाईचे घोडदळ, औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील छावणीचा परिसर, बोलारमचे ठाणे, या सर्वांच्या खुणा घराघरांतल्या जुन्या पेट्यांत, सनदांत, पावत्यांत असू शकतात. बोलारम म्हटले की आज राष्ट्रपती निलयम आठवते. कंटिन्जंटचे मुख्यालय त्याच परिसरात होते, हे तिथे फिरायला नेलेल्या मुलांना सांगणारे कोणी तरी असावे. अशा कागदांचे वाचन आणि संकलन हे आपल्यासारख्या मंडळाला सहज साधण्याजोगे काम आहे. मृताची ओळख पटवायला एक चकती आणि एक पत्र पुरले. एका विस्मृत इतिहासाची ओळख पटवायलाही कधी कधी एवढेच पुरते.

भाद्रपदात घातचतुर्दशी येते. अनेक घरांत ती आता कोणी पाळत नाही, कारण शस्त्राने गेलेले असे आपल्या कुळात कोणी नाही, असे आपण समजतो. कंटिन्जंटच्या हालचालीत, दोन महायुद्धांत, पोलीस कारवाईच्या आधीच्या धामधुमीत आपल्या विस्तृत कुळांपैकी कोणी गेलेच नसेल, हे संभवत नाही. नावे मात्र गेली आहेत. हल्द्वानीच्या त्या घरात चंद्रशेखर हरबोलांची चकती पोहोचायला ३८ वर्षे लागली. पाटलांच्या खिशातले पत्र ज्या घरून गेले होते, त्याच घरच्यांना २१ वर्षांनी त्याची वार्ता मिळाली. आपल्या घरच्या गेलेल्यांची वार्ता आपल्याच माडीवरच्या पेटीत पडून असेल, तर ती उघडायला कोणत्या हिमनदीने वितळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.